खोलीतले सहा दिवस

शनिवार, ४ ऑक्टोबर

पोचलो. खोली दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही, हे बुकिंगच्या वेळी कुणी सांगितलं नव्हतं. खिडकीतून समुद्र दिसतो असं मात्र ठासून सांगितलं होतं. दिसतो, पण खिडकीला गाल चिकटवून डावीकडे बघावं लागतं.

ही वही दोन कारणांसाठी घेतली आहे. आमच्या निवृत्तांच्या गटात प्रत्येकाला प्रवासाला जायची हौस आहे आणि गेल्यावर काय काय अडतं याची कुणाला कल्पना नाही. माझ्या नोंदी त्यांच्या उपयोगी पडतील. दुसरं कारण गटात सांगण्यासारखं नाही. ही एप्रिलमध्ये धाकट्या बहिणीकडे गेली ती थेट ऑगस्टच्या शेवटी परत आली. आली तेव्हा दारातच म्हणाली, "आपण दोघंच कुठेतरी दहा दिवस जाऊन येऊ. त्यानंतर मी ठरवीन, तुमच्याबरोबर राहायचं की नाही." एकतीस वर्षं संसार केल्यावर माणसाला उमेदवारीवर ठेवतात का? पण मी शब्द वाढवला नाही. तिकिटं काढली.

माझी चौतीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या तक्रार खिडकीवर गेली. लोक सांगतात ते सगळं ऐकत बसलं तर दिवसाला दहा तक्रारी उरकत नाहीत. पहिल्या दोन वाक्यांत प्रकार ओळखायचा, गळती की कमी दाब की गढूळ पाणी, नोंद करायची आणि पुढच्याला हाक मारायची. ही बहिणीकडे गेली तेव्हाही मी प्रकार ओळखला होता. घरात सोयी कमी पडत होत्या. मग मी स्वयंपाकाचा ओटा चार बोटं उंच करून घेतला, मिक्सरसाठी वेगळं बटण काढलं, न्हाणीघरात कोमट पाण्याचा नळ बसवला आणि प्रत्येक कामाचा फोटो तिला पाठवला. उत्तर एकाचंही आलं नाही. पण शेवटी आलीच ना परत.

तेव्हा हे दहा दिवस कसलीही गैरसोय होता कामा नये. बरोबर सहा जागांचा एक्स्टेन्शन बोर्ड आणला आहे (खोलीत प्लग एकच, तोही पलंगामागे), कपडे वाळवायची दोरी, चिमटे, टॉर्च, पाणी तापवायची किटली, नळाचे दोन मापांचे वॉशर. ही म्हणाली, अजून उजेड आहे तर समुद्रावर जाऊन येऊ. पण न्हाणीघरातला नळ ठिबकत होता. तो दुरुस्त होईपर्यंत अंधार पडला.


रविवार, ५ ऑक्टोबर

चार तासांत तीन ठिकाणं पाहून झाली. गटासाठी नोंद: किनाऱ्यावरचं स्वच्छतागृह बसथांब्याच्या मागे आहे आणि दुपारी दोन ते तीन बंद असतं. बाकडी कमी आहेत, सावलीतली तर दोनच. हिला पायऱ्यांवर बसायचं होतं, पण तिथे ऊन होतं आणि पायऱ्या ओल्या होत्या. मी सावलीतलं बाकडं शोधून काढलं. त्यावरून समुद्र दिसत नव्हता, हे हिने दोनदा सांगितलं.

हिच्या चपलेने टाच सोलली. कापूस आणि चिकटपट्टी माझ्या खिशात होतीच, जागेवर इलाज केला. ही चप्पल मी दोनदा तळ घालून घेतली आहे, अजून दोन वर्षं सहज जाईल. परतताना रस्ता चुकायची वेळ आली नाही, कारण नकाशा माझ्याकडे होता. खोलीची किल्ली, तिकिटं, ओळखपत्रं आणि पैसे हे सगळं नेहमीप्रमाणे माझ्या कमरेच्या पाकिटात आहे. हिला काही वागवावं लागत नाही.

दिवसभर ही फारसं बोलली नाही. म्हणजे तक्रारीला जागा उरली नव्हती.


सोमवार, ६ ऑक्टोबर

पाय मुरगळला. न्हाणीघरात दोरी बांधण्यासाठी टबाच्या काठावर उभा होतो. काठ गुळगुळीत. असला टब बसवणाऱ्या माणसाला एकदा त्यावर उभा करायला हवा. डॉक्टर खोलीवर आले, घोटा दाबून पाहिला, पट्टा बांधला आणि म्हणाले, हाड शाबूत आहे, पण सहा दिवस पाय खाली टेकवायचा नाही, उशीवर उंच ठेवायचा.

सहा दिवस. दहातले सहा. परीक्षेच्या मधोमध आजारी पडलेल्या पोरासारखी माझी गत झाली आहे.

खाली लॉजच्या काउंटरवर बसणारी बाई बर्फ घेऊन वर आली. हिने तो टॉवेलात गुंडाळून पायाला लावला, हळू हाताने. मी हिला म्हटलं, तुझी सुट्टी माझ्यामुळे वाया गेली. "बघू," एवढंच म्हणाली. हिचा चेहरा मला नीट वाचता आला नाही. काळजीच असणार.


मंगळवार, ७ ऑक्टोबर

दुपारपर्यंत ही खुर्चीत बसून होती. मग दुखण्याच्या गोळ्या संपल्या आणि हिला पाठवण्यावाचून इलाज राहिला नाही. मी कागदावर नऊ मुद्दे लिहून दिले: कुठे वळायचं, दुकानात काय बोलायचं, गोळ्यांची मुदत कशी तपासायची, सुटे पैसे कसे मोजून घ्यायचे. देताना एकदा वाचूनही दाखवले. कमरेच्या पाकिटातून पैसे काढून दिले, खोलीची किल्ली दिली. लग्नानंतर पहिल्यांदाच असेल, परक्या गावात ही एकटी बाहेर पडली.

दुकान सहा मिनिटांवर आहे. हिला यायला दीड तास लागला. माझा जीव टांगणीला. आली ती गोळ्या घेऊन आणि एक काठी घेऊन. औषधवाल्याने विचारलं कुणाला लागलंय, हिने सांगितलं, आणि त्याने आपल्या आईची जुनी काठी आठवडाभरासाठी देऊन टाकली. ना चिठ्ठी, ना अनामत. मी म्हटलं, ओळख ना पाळख, माणूस काठी देतो म्हणजे काय? ही म्हणाली, "अहो, बोललं की देतात." गोळ्या बरोबर होत्या. मुदतही तपासली.

काठी मात्र चांगली आहे. मुठीला रबर आहे.


बुधवार, ८ ऑक्टोबर

धुण्याचा प्रश्न. मी सविस्तर लिहून दिलं की कपडे बेसिनमध्ये भिजवायचे, टॉवेलात गुंडाळून त्यावर पाय देऊन पिळायचे आणि पंख्याखाली खुर्च्यांच्या पाठींवर पसरायचे. हिने सगळे कपडे पिशवीत भरले आणि कोपऱ्यावरच्या धुलाईच्या दुकानात नेऊन दिले. ते धुऊन होईपर्यंत तिथेच बसली. दुकानातल्या बाईशी गप्पा झाल्या म्हणे. तिच्या गुडघ्यांचं, तिच्या सुनेचं, सगळं ऐकून आली. एरवी ही चार माणसांत तोंड उघडत नाही.

आणखी एक. पायात कापडी बूट होते, निळे. चप्पल कुठे आहे विचारलं, तर म्हणे टाकून दिली. दोनदा तळ घातलेली चप्पल. मी बराच वेळ बोललो. ही कपड्यांच्या घड्या कपाटात लावत होती, मग म्हणाली, "टाच दुखायची थांबली." कपडे मात्र स्वच्छ निघालेत, घड्याही माझ्यापेक्षा बऱ्या.


शुक्रवार, १० ऑक्टोबर

काल लिहिण्यासारखं काही नव्हतं. छताला दोन ठिकाणी ओल आहे एवढंच.

आज ही सकाळी नऊला गेली ती साडेबाराला आली. कुठे होतीस? तर बोटीने पलीकडच्या काठावर जाऊन आली. बोटीने, एकटी, लाटा होत्या तरी. मला न सांगता, पण काउंटरवरच्या बाईला सांगून. तिकीट स्वतः काढलं, रांगेत पुढे घुसणाऱ्या एका माणसाला मागे पाठवलं, आणि बोटीत मळमळायला लागल्यावर शेजारच्या बाईने सांगितलं तसं लांब क्षितिजाकडे बघत बसली. "मग थांबलं," म्हणाली. मळमळीची गोळी माझ्या डब्यात होती, हे मी सांगितलं. साडीचा काठ भिजला होता, केस विस्कटले होते. ही सांगत होती आणि मधेच एकटीच हसली. काय झालं विचारलं, तर म्हणे तुम्हाला नाही गंमत वाटायची.

दुपारी ही झोपली असताना कात्री शोधायला हिची पर्स उघडली. माझ्या याद्या सगळ्या तिथेच होत्या, चारही, मी दिल्या होत्या तशाच घडीत. उघडलेल्यासुद्धा दिसत नव्हत्या. मी देताना वाचून दाखवतो ना, त्यामुळे लक्षात राहत असतील.


शनिवार, ११ ऑक्टोबर

आज जे झालं ते क्रमाने लिहितो.

ही सकाळी गेली. अकराला फोन केला तर फोन खोलीतच वाजला, उशीखाली. नकाशाही टेबलावर. बारा वाजले, एक वाजला. मी काठी घेऊन दारापर्यंत गेलो, जिन्याची पहिली पायरी उतरलो आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. लेकीला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, आई सत्तावन्न वर्षांची आहे, हरवायला ती काय लहान आहे का?" इतक्या लांबून बोलायला काय जातं? शेवटी काउंटरवरच्या बाईला हात जोडले. ती बिचारी दुपारचं काम टाकून शोधायला गेली.

ही धक्क्याच्या टोकाला बसली होती. नुसती बसली होती. चार तास. ना पुस्तक, ना विणकाम, ना सोबतीला कुणी. दोघी खोलीत आल्या तेव्हा माझा ताबा सुटला. त्या बाईसमोरच मी हिला नाही नाही ते बोललो. तुला अक्कल आहे का, मी इथे पाय बांधून पडलोय, माझा विचार केलास का, असल्या बाईला एकटीला सोडायचं म्हणजे शिक्षाच आहे. काउंटरवरची बाई खाली बघत निघून गेली. हिने पायातले बूट काढले. हातपाय धुतले आणि खुर्चीत बसली.

आवाज चढवायला नको होता. पण मी घाबरलो होतो. घाबरलेला माणूस ओरडतो, हे हिला एकतीस वर्षांत कळायला हवं होतं.


रविवार, १२ ऑक्टोबर

आजचा दिवस सगळ्यांत चांगला गेला. ही कुठेच गेली नाही. किटलीत चहा केला, माझ्या पायाचा पट्टा सोडून पुन्हा बांधला, वर्तमानपत्रातलं शब्दकोडं आम्ही दोघांनी मिळून सोडवलं. कालचं हिने मनावर घेतलेलं दिसतं. अधूनमधून बोलावं लागतं माणसाला.

दुपारी ही म्हणाली, काल धक्क्यावर बसले होते तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. लग्नाआधी मी एकटी असायचे तेव्हा मला... एवढ्यात मला आठवलं आणि मी सांगितलं की त्या धक्क्याला कठडा नाही, याची तक्रार नगरपालिकेकडे करायला हवी, मी मसुदा करून देतो. ही म्हणाली, हो, करा. मग मसुदाच केला. चांगला उतरला आहे. कुठे पाठवायचा ते काउंटरवर विचारीन.

संध्याकाळी ही खाली काउंटरवर जाऊन आली. बराच वेळ होती. बिलाचं बघत असेल.


सोमवार, १३ ऑक्टोबर

डॉक्टरांनी पट्टा काढला. काठीने चालता येतं. जिना उतरून पहिल्यांदा खाली गेलो, दारासमोरच्या बाकड्यावर दोघं बसलो. निघायला एकच दिवस उरला होता, तेव्हा मीच विषय काढला. म्हटलं, दहा दिवस झाले, माझा पाय सोडला तर कशाची अडचण आली नाही. मग ठरलं ना?

ही म्हणाली, "तुम्ही उद्या जा. तुमचं तिकीट आहे तसंच आहे. मी माझं पुढे ढकललंय. आणखी आठ दिवस राहणार आहे."

मला आधी वाटलं बहीण येणार असेल. विचारलं, कुणाबरोबर?

"कुणाबरोबर नाही."

म्हटलं, अगं, तुला जमणार आहे का? परकं गाव, सामान, पैसे, औषधं, खोली. कोण बघणार हे सगळं?

"सहा दिवस मीच बघितलं ना."

ते मी होतो म्हणून, मी म्हटलं. मी खोलीत होतो म्हणून तुला धीर होता.

हिने माझ्याकडे सरळ बघितलं. रागाने नाही. राग असता तर मला पुढचं सुचलं असतं. "हो," ही म्हणाली. "तुम्ही खोलीत होतात म्हणूनच जमलं."

समोरून एक कुटुंब सामान ओढत गेलं, त्यांच्या बॅगेचं एक चाक निखळलं होतं. मला ते कसं बसवायचं ठाऊक होतं, पण उठावंसं वाटलं नाही. मग मी विचार केला. आठच दिवस आहेत. हिची हौस पुरी होऊ दे. नको कशाला म्हणायचं? हिने बोलण्यात कुठेही नकार दिलेला नाही. आठ दिवस एकटीने काढले की घराची किंमत आपोआप कळेल.

मात्र हे वाक्य मनातून जात नाही. म्हणूनच जमलं. तेव्हा दुसऱ्या अर्थाने म्हणाली असेल का, म्हणून चारदा लिहून पाहिलं. दुसरा अर्थ निघत नाही.


मंगळवार, १४ ऑक्टोबर, गाडीत

हिने सगळी व्यवस्था चोख केली. स्टेशनवर चाकांची खुर्ची आधीच सांगून ठेवली होती, खालचा बाक मिळवला होता, डब्यातल्या सेवकाला माझ्या पायाचं समजावलं होतं. थर्मासमध्ये गरम पाणी, डब्यात दोन वेळचं खाणं, गोळ्या सकाळच्या आणि रात्रीच्या वेगळ्या पुड्यांत. काठी परत करायची आहे म्हणून माझ्यासाठी नवी घेऊन ठेवली होती. चूक काढायला बसलो तर एक सापडेना. गटातल्या कुणाच्या बायकोला हे जमणार नाही, हे मी लिहून देतो.

गाडी सुटायला दहा-बारा मिनिटं होती. ही डब्यात येऊन माझ्यासमोर बसली आणि बोलायला लागली. बरंच बोलली, शांतपणे, मधे न थांबता. मी तेव्हा मोठी बॅग बाकाखाली साखळीने अडकवत होतो. कुलूप नवं, किल्ली फिरता फिरेना, त्यात पाय आखडलेला, वाकता येत नव्हतं. इतक्या जणांची ये-जा चालू असताना बॅग उघडी ठेवणार कशी? सुरुवातीला माझ्या पायाची काळजी घ्यायला सांगत होती, तेवढं ऐकलं. नेहमीच्याच सूचना. मी हो, हो म्हणत राहिलो. कुलूप लागलं तेव्हा शिट्टी झाली होती आणि ही उठून उभी होती. वाकून माझ्या खांद्यावर हात ठेवला, थोडा वेळ. हिचे डोळे भरले होते. म्हणजे आठ दिवसही जड जाणार आहेत, हे हिलाही कळलं.

गाडी हलली तेव्हा फलाटावर उभी होती. परतीची गाडी कुठली, किती वाजता पोचते, हे विचारायचंच राहिलं.


बुधवार, २२ ऑक्टोबर, घरी

घर आवरलं. गेल्या आठवड्यात न्हाणीघरात धरायला दांडी बसवून घेतली, स्वयंपाकघरात दिवा बदलला, हिच्या कपाटाचं करकरणारं दार तेल घालून गप्प केलं. हिचा फोन लागतो, पण उचलत नाही. खोलीत विसरून जात असेल, आता सवयच झाली आहे. आज आठ दिवस पुरे झाले. स्टेशनवर घ्यायला जायचं तर वेळ कळायला हवी, म्हणून सकाळी दहाला लेकीला फोन केला आणि आईची गाडी किती वाजताची आहे ते विचारलं.

लेकीने मला प्रश्न पुन्हा विचारायला लावला. मग म्हणाली, "बाबा, असं का विचारताय? आई कालच मावशीकडे पोचली. तिने तिथेच जवळ दोन खोल्या बघितल्यात. ती आता तुमच्याकडे यायची नाही, हे तिने तुम्हाला गाडीत सांगितलंय ना?"

मी काही बोललो नाही. लेकीला वाटलं मला रडू येतंय. तिचा आवाज मऊ झाला.

"आई तुमच्याबद्दल चांगलंच बोलली, बाबा. म्हणाली, मी घाबरत होते, ते आरडाओरडा करतील, मधेच तोडतील. पण समोर बसून सगळं सांगितलं, का जाते ते, कधीपासून मनात होतं ते, आणि ते नुसते हो म्हणत राहिले. म्हणाली, एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. त्यासाठी तरी त्यांचे उपकार मानते, म्हणाली."

मी म्हटलं, हो, सांगितलंय तिने. मला माहीत आहे. आणि फोन ठेवला.

दुपारपासून आठवून बघतो आहे. पायाची काळजी घ्या, हे आठवतं. जिने उतरताना कठडा धरा, हेही. तिसरं वाक्य कुठलं होतं ते काही केल्या आठवत नाही.